पुण्याच्या हवेत हायड्रेंजिया: कुंडी, पाणी, कात्री आणि निळा रंग

महाबळेश्वर-पाचगणीकडे निळा फुललेला हायड्रेंजिया पुण्यात आणून लावला की एकदोन वर्षांत तो गुलाबी फुलू लागतो. नर्सरीवाल्याने फसवले असे वाटते, पण रोप तेच असते. बदललेली असते ती माती आणि पाणी. महाबळेश्वरची तांबडी माती जांभ्यापासून झालेली. शतकानुशतकांच्या पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेलेला आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरलेले. याच जातीच्या खडकातून कोल्हापूरच्या राधानगरी भागात ॲल्युमिनियमचे खनिज, म्हणजे बॉक्साइट, काढले जाते. पुण्याच्या आसपासची काळी माती याच्या उलट: चुनखडीयुक्त, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ७.५ ते ८.५. त्यात भर बोअरच्या जड पाण्याची.

दुसरी तक्रार याहून जास्त ऐकू येते: "पहिल्या वर्षी छान फुलला, नंतर नुसती पाने." त्याचे कारण माती नाही, कात्री आहे. हायड्रेंजियाचे फूल आपल्याला मार्च-एप्रिलमध्ये दिसते, पण ते ठरते ऑक्टोबर ते जानेवारीत, जेव्हा त्या कुंडीकडे कोणी बघत नसते. या चार महिन्यांत काय करायचे आणि काय करायचे नाही हे कळले, तर हे झाड पुणे, नाशिक, सातारा, सांगली, कोल्हापूर अशा ठिकाणी घरच्या बागेत वर्षानुवर्षे फुलवता येते.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र अडचण वेगळी आहे. कोकणातली माती हायड्रेंजियाला अगदी मानवते, पण थंडी पुरत नाही. फुलाची कळी धरायला रात्रीचे तापमान काही आठवडे सलग १८ अंशांच्या बरेच खाली राहावे लागते आणि नंतर ती कळी पक्की व्हायला आणखी गारवा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ८ ते १२ अंशांवर येतात, तेवढ्यात काम भागते. किनाऱ्यावर पारा बहुतेक रात्री १६-१८ च्या खाली जात नाही. तिथे झाड वाढते, हिरवेगार राहते, फुलते मात्र क्वचित. तिथल्या लोकांनी कळ्या धरलेली कुंडी आणावी, महिना-दीड महिना फुलांचा आनंद घ्यावा आणि पुढच्या वर्षीची फार आशा धरू नये.

रोप निवडताना

आपल्याकडे नर्सरीत मिळतो तो बहुधा हायड्रेंजिया मॅक्रोफिला, मोठ्या पानांचा. त्याचे दोन प्रकार: गोल गेंद येणारा मोपहेड आणि मधे बारीक कळ्या व कडेने मोठ्या फुलांची झालर असलेला लेसकॅप. पॅनिक्युलाटा, ॲनाबेल वगैरे नावांची रोपे ऑनलाइन दिसतात, पण ती कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत खुलणारी आहेत. दख्खनमध्ये पहिले रोप मॅक्रोफिलाच घ्यावे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा खरेदीचा काळ. पूर्ण फुललेल्या कुंडीपेक्षा निम्मे गेंद अजून हिरवट असलेली कुंडी घ्या, ती घरी जास्त दिवस टिकते. बुंध्यापासून किमान चार-पाच फांद्या असाव्यात. पाने उलटून बघा: मागे बारीक पांढुरकी जाळी किंवा हलणारे ठिपके असतील तर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी अतिबारीक कीड) आहे, ते रोप नको. कुंडीतून रोप अलगद वर उचलून मुळे पाहू द्यायला चांगला नर्सरीवाला नाही म्हणत नाही. मुळे पांढरी हवीत. तपकिरी, बुळबुळीत मुळे म्हणजे मूळकुज.

फुलांवर असलेली ही रोपे पॉलीहाऊसमध्ये वाढरोधक देऊन बुटकी ठेवलेली असतात. पुढच्या वर्षी तेच झाड उंच झाले, पेरे लांब पडले, तर काही बिघडले असे समजू नका, ती त्याची खरी उंची आहे. घरी आणल्यावर कुंडीभोवतीचा चमकदार कागद आधी काढा, त्यात पाणी साचून मुळे गुदमरतात. आठ-दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा. फुले असेपर्यंत कुंडी बदलू नका.

जागा

या झाडाचे मूळ घर जपानमधल्या होन्शू बेटाच्या किनाऱ्यावर. हवा दमट, ऊन सौम्य, जमीन ओलसर पण निचऱ्याची. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी जागा म्हणजे पूर्वेची गॅलरी किंवा घराची उत्तर-पूर्व बाजू. सकाळचे तीन-चार तास ऊन, साधारण साडेदहापर्यंत, आणि मग दिवसभर उजेड पण सावली. पूर्ण सावलीत पाने मोठी होतात आणि कळी धरत नाही. दुपारच्या उन्हात पाने मधोमध भाजतात, त्यांवर कागदासारखे फिकट तपकिरी डाग पडतात.

पश्चिमेची भिंत टाळाच. ऊन गेल्यावरही ती रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता फेकत राहते. गच्चीवर ठेवायचा तर मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागतेच, आणि कुंडी थेट तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर. विदर्भात उन्हाळा काढणे फार अवघड. तिथे झाड घराच्या उत्तरेला, दाट सावलीत आणि इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवले तरच जगते.

कुंडी आणि माती

बारा इंची कुंडी ही सुरुवात, दोन-तीन वर्षांनी चौदा-सोळा इंची. मातीची कुंडी हवा खेळती ठेवते, पण एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते, म्हणून रोज लक्ष देणे जमणार नसेल तर जाड प्लॅस्टिकची घ्या. सिमेंटची कुंडी नको. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर मातीत उतरत राहतो, सामू वर चढतो, आणि निळ्याची सगळी मेहनत वाया जाते. नव्याने गिलावा केलेल्या भिंतीला लागून असलेल्या वाफ्यातही हेच होते.

बारा इंची कुंडीला सुमारे १४ लिटर मिश्रण लागते. दहा भागांचे माप असे धरा: ४ भाग तांबडी माती, ३ भाग कोकोपीट, २ भाग कुजलेला पालापाचोळा किंवा गांडूळखत, १ भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). वर दोन मूठ निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नको. ती पावसाळ्यात चिकटून बसते, उन्हाळ्यात कुंडीच्या कडेने फाटते आणि दिलेले पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जाते. पोयटा म्हणून मिळणारी माती चालते, पण आधी तिची परीक्षा घ्या. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे उठले तर तिच्यात चुनखडी आहे. गुलाबी फुलांना ती चालून जाईल, निळ्याला नाही.

कोकोपीटच्या विटेत क्षार असतात. वीट भिजवून फुलली की ती पिळून पाणी फेका, असे तीनदा करा. हे टाळले तर पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

लावताना रोप आधीच्या कुंडीत होते तितक्याच खोलीवर ठेवा. वरची दीड इंच जागा रिकामी सोडा. त्यावर वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचे इंचभर आच्छादन. हायड्रेंजियाची मुळे वरवर, केसांसारखी बारीक पसरतात, आणि उघड्या मातीत ती उन्हाने सर्वांत आधी मरतात. याच कारणाने खुरप्याने माती उकरू नका. गुलाबाला मानवणारी उकरणी हायड्रेंजियाला घातक ठरते.

पाणी

पाने मोठी, पातळ, म्हणून बाष्पीभवन जास्त. एप्रिलच्या दुपारी पाने लोंबकळतात, तेव्हा हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. थांबा. माती ओली असतानाही दुपारी पाने मान टाकतात, कारण मुळे जितके पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडते. अशी पाने सूर्य कलल्यावर आपोआप ताठ होतात. त्या वेळी आणखी पाणी ओतत राहिलात तर मुळे कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचे झाडही तसेच मान टाकते. मग आणखी पाणी दिले जाते आणि झाड जाते. खरी परीक्षा सकाळची. सकाळी सातला पाने मलूल असतील, तर बोट दोन इंच खुपसून बघा: कोरडे असेल तर पाणी द्या, ओले असेल तर मुळे तपासा.

बारा इंची कुंडीला उन्हाळ्यात सकाळी दीड-दोन लिटर, तळातून थोडे बाहेर येईपर्यंत. मे महिन्यात गरज वाटली तर संध्याकाळी आणखी अर्धा-एक लिटर. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांतून एकदा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका, कुंडी विटांवर चढवा आणि सलग झडीत वळचणीला घ्या.

गीझर आणि किटलीत पांढरा थर बसत असेल तर तुमचे पाणी जड आहे. पावसाळ्यात दोन पिंपे भरून झाकून ठेवलेले पावसाचे पाणी हायड्रेंजियासाठी सर्वोत्तम. ते नसेल तर ५ लिटर जड पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे पाव चहाचा चमचा, लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून ते द्या. पाण्यातला क्षारीपणा त्याने बराचसा मारला जातो.

निळा हवा की गुलाबी

गुलाबी आणि निळ्या फुलांतला रंगद्रव्याचा रेणू एकच असतो. त्याला ॲल्युमिनियम मिळाले की निळा दिसतो, नाही मिळाले की गुलाबी. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम विरघळते आणि मुळांना घेता येते, अल्कधर्मी मातीत ते असूनही मिळत नाही. म्हणून निळ्यासाठी सामू ५ ते ५.५, गुलाबीसाठी ६ ते ६.५. मधल्या पट्ट्यात जांभळा, आणि कधी एकाच झाडावर दोन-तीन छटा, ज्या अनेकांना शुद्ध निळ्याहून आवडतात. पांढऱ्या जातींत हे रंगद्रव्यच नसते. त्यांना काहीही घाला, त्या निळ्या होणार नाहीत.

सामू मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कुंडीत तीन इंच खोलीवरची माती घ्या. एक भाग माती, दोन भाग बॅटरीत घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी, नीट ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पीएच पट्टी बुडवा. नळाच्या पाण्याने मोजले तर मातीऐवजी नळाचाच सामू कळेल.

निळ्यासाठी किराणा दुकानातली पांढरी तुरटी पुरते, कारण तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेटच. ती बारीक कुटून एक सपाट चहाचा चमचा, सुमारे ५ ग्रॅम, १ लिटर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवा. आदल्या दिवशी कुंडीला साधे पाणी दिलेले असावे. बारा इंची कुंडीला हे एक लिटर, दर तीन आठवड्यांनी. सुरुवात नोव्हेंबरमध्ये, शेवट गेंदाची हिरवी कळी वाटाण्याएवढी दिसू लागली की. रंग भरल्यावर तुरटी घातली तर त्या फुलांवर काही परिणाम होत नाही, मुळांना मात्र त्रास होतो. दोन मात्रांच्या मधे एकदा साधे पाणी भरपूर देऊन साठलेले क्षार खालून वाहू द्या. कोरड्या मातीत तुरटी ओतली किंवा लवकर निळा व्हावा म्हणून मात्रा तिप्पट केली, तर चार-पाच दिवसांत पानांच्या कडा काळ्या पडतात. तसे झाले तर लगेच पाच-सहा लिटर साधे पाणी कुंडीतून जाऊ द्या.

ज्या दिवशी तुरटी, त्या दिवशी लिंबूसत्त्व नको. ते ॲल्युमिनियमला धरून ठेवते आणि झाडाला मिळू देत नाही. दुसरा शत्रू स्फुरद (फॉस्फरस). हाडांचे खत, सुपर फॉस्फेट, डीएपी आणि सगळीकडे सुचवले जाणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) यांतला स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून टाकतो. निळ्याच्या कुंडीला यांतले काहीच नको. त्याऐवजी वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला १ लिटर पाण्यात १ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि १ ग्रॅम ००:००:५० (फक्त पालाशचे खत) द्या. दोन्ही खते कृषी सेवा केंद्रात मिळतात.

गंजके खिळे पुरल्याने फूल निळे होत नाही. खिळ्यांतून मिळते ते लोह. चहाचा चोथा आच्छादन म्हणून चांगला, पण त्याने सामू म्हणण्यासारखा उतरत नाही.

गुलाबी हवा असेल तर पुण्यात फारसे काही करावे लागत नाही. तांबड्या मातीच्या मिश्रणात एक-दोन चमचे डोलोमाइट भुकटी आणि स्फुरद असलेले खत पुरते. फक्त सामू ६.५ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात.

जमिनीत लावून निळा करण्याचा हट्ट काळ्या मातीत धरू नये. हिशेब करून बघा: १०० ग्रॅम चुना निष्प्रभ करायला ३२ ग्रॅम गंधक लागते. एका खड्ड्यातल्या २०० किलो मातीत ५ टक्के चुनखडी असेल, तर ३ किलोहून जास्त गंधक ओतावे लागेल, आणि तरी आजूबाजूच्या मातीतून चुना पुन्हा झिरपत येणारच. निळा हवा तर कुंडी.

कात्री कधी लावायची

मॅक्रोफिला जुन्या फांदीवर फुलतो. यंदा पावसाळ्यात वाढलेल्या फांदीच्या शेंड्याला थंडीत कळी धरते आणि ती पुढच्या उन्हाळ्यात उमलते. शेंडा कापला म्हणजे पुढच्या वर्षीचे फूल कापले. आपल्याकडे गुलाबाची छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात होते. माळी त्याच दिवशी त्याच कात्रीने हायड्रेंजियाही साफ करून जातो, आणि "नुसती पाने" इथूनच सुरू होते.

छाटणीची वेळ एकच: फुले जुनी झाली की लगेच, म्हणजे जून, फार तर जुलै अखेर. गणपती बसण्याआधी कात्री बंद. त्या वेळी गेंदाखाली खाली बघत या. पानाच्या बगलेत डोळ्यांची (नव्या फुटीच्या कोंबांची) पहिली जाड जोडी दिसेल, तिच्या पाव इंच वर सरळ काप घ्या. फार खाली जाऊ नका. तीन वर्षांपेक्षा जुन्या, करड्या, साल सुटलेल्या फांद्यांपैकी एक तृतीयांश दरवर्षी बुंध्यातून काढा, म्हणजे खालून नवे धुमारे येत राहतात. वाळलेली काडी वर्षभरात कधीही काढता येते. ती मेली आहे की नाही हे नखाने साल खरवडून बघा, आत हिरवे असेल तर राहू द्या.

छाटणीनंतर महिन्याभरात नवे शेंडे तीन जोड्या पानांचे झाले की एकदा शेंडा खुडा, फांद्या वाढतात. हे खुडणेही ऑगस्टच्या मध्यापर्यंतच. याच काळात, जून ते सप्टेंबर, झाडाला भरपूर खायला द्या: महिन्याला दोन मूठ गांडूळखत आणि वर सांगितलेले पंधरवड्याचे खत. दसऱ्यापासून खत थांबवा. ऑक्टोबरनंतर नत्र मिळत राहिले तर कोवळी पालवी फुटत राहते आणि कळी धरायची राहून जाते.

डिसेंबरमध्ये झाड कुरूप दिसते. पाने लालसर होतात, बरीच गळतात, काड्या उघड्या पडतात. घाबरून त्याला उबदार खोलीत घेऊ नका, खत देऊ नका. उघड्या गार हवेत राहू द्या. त्या थंडीच्या रात्रीच त्याला हव्या आहेत. या दिवसांत शेंड्याचा डोळा जवळून बघा: टोकदार आणि सडपातळ असेल तर त्यातून पाने निघतील, फुगीर आणि अंड्यासारखा असेल तर आत गेंद आहे. फेब्रुवारीत तो डोळा उकलू लागला की पाणी वाढवा आणि पंधरवड्याचे खत पुन्हा सुरू करा.

इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्यांसाठी नियम तोच, धोका वेगळा. तिथे वसंतातले उशिराचे हिमकण उकलत्या कळ्या मारतात. म्हणून वाळलेले गेंद हिवाळाभर फांदीवरच ठेवतात, खालच्या डोळ्यांना तेवढाच आडोसा मिळतो, आणि ते कापतात हिमाची भीती सरल्यावर. तिथे सहज मिळणारे पॅनिक्युलाटा आणि ॲनाबेल मात्र नव्या फांदीवर फुलतात, त्यांना हिवाळ्याच्या शेवटी निर्धास्त छाटावे.

बिघाड ओळखताना

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांवर: लोह कमी पडते आहे. बहुतेक वेळा कारण जड पाणी असते, म्हणून आधी पाणी बदला. तातडीने ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले) १ ग्रॅम १ लिटर पाण्यात एका कुंडीला द्या. ईडीटीए प्रकार स्वस्त असतो, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. खालची जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळांत पाणी साचते आहे. कुंडी उचलून बघितली की वजनावरून कळते.

मार्च ते मे लाल कोळी हमखास. पानांवर धुळीसारखे फिकट ठिपके, मागे बारीक जाळे. कीटकनाशकाची घाई नको. कुंडी आडवी धरून पानांच्या मागच्या बाजूवर जोराचे पाणी मारा, दर तिसऱ्या दिवशी, तीन वेळा. अंड्यांतून नवे किडे निघत असतात, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. तरी राहिले तर १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि १ मिलि पातळ साबण, संध्याकाळी फवारा. पाऊस संपता संपता आणि थंडीत पानांवर भुरी येते, पिठूळ पांढरी. त्यावर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, पण तापमान ३२ च्या वर असताना कधीही नाही, पाने भाजतात. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे शेंडे खातात, आणि कळी शेंड्यालाच धरायची असते. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचणे हाच खात्रीचा उपाय.

हायड्रेंजियाची पाने, कळ्या आणि फुले विषारी असतात. मांजर, कुत्रे, शेळी आणि लहान मुले यांच्या तोंडी जाणार नाहीत अशी कुंडी ठेवा. खाद्यपदार्थांच्या ताटाची सजावट या पानाफुलांनी कधीही करू नका.

बघणे आणि कापणे

गेंदातल्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरे तर निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, आहेत. म्हणूनच ती इतके आठवडे टिकतात. लेसकॅपचा मधला भाग भिंगातून बघा: तिथे खरी फुले असतात, मोहरीएवढ्या कळ्या, उमलल्यावर बारीक पाकळ्या आणि बाहेर डोकावणारे केसासारखे पुंकेसर. मधमाशी कडेच्या झालरीवर बसत नाही, सरळ मधे जाते. मोपहेडमध्येही गेंद बोटांनी हळूच फाकवला तर आत दडलेली अशी चार-दोन फुले सापडतात.

एकच गेंद रोज बघण्यासारखा असतो. आधी तो पोपटी, मग मलईसारखा, मग कडेकडून रंग चढत जातो. निळ्या गेंदात देठाजवळ अजून हिरवा आणि टोकाला निळा असे दोन दिवस येतात, तेव्हाचा रंग पूर्ण निळ्याहून सुंदर. भर उन्हात निळा फिका वाटतो. ढगाळ सकाळी आणि सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात तो सर्वांत गडद दिसतो. म्हणून कुंडी संध्याकाळी बसायच्या जागेजवळ हवी, शेजारी नेचे आणि पांढऱ्या शिरांचे कॅलेडियम. जपानात तर ही पावसाचीच फुले. कामाकुराच्या मेइगेत्सु-इन मंदिरात जूनच्या पावसात पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुललेला निळा बघायला लोक छत्र्या घेऊन जातात.

फुलदाणीसाठी गेंद सकाळी लवकर कापा, आणि पूर्ण रंग भरून निदले हाताला थोडी कडक लागू लागल्यावरच. कोवळा गेंद पाण्यात तासाभरात मान टाकतो. देठातून चिकट रस येतो आणि पाण्याची वाट बंद होते. म्हणून देठ तिरका कापून त्याचे टोक ३० सेकंद उकळत्या पाण्यात धरा किंवा ताज्या कापावर तुरटीची भुकटी दाबा, मग गार पाण्यात ठेवा. पाण्यापासून वरची पाने काढून टाका, पाणी सर्वांत जास्त तीच पितात. तरीही गेंद मलूल झाला तर तो बादलीतल्या पाण्यात पालथा, पूर्ण बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा. निदले स्वतः पाणी शोषतात आणि गेंद पुन्हा ताठ होतो.

वाळवायचे गेंद झाडावरच हिरवट-जांभळे आणि कागदी होऊ द्या. मग दोन इंच पाण्यात ठेवून ते पाणी आपोआप आटू द्या. दख्खनच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते दोन आठवड्यांत वाळतात. पाऊस सुरू झाला की मात्र बुरशी येते, तेव्हा हे काम पावसाआधीच उरका.

नवी रोपे

जून-जुलैतल्या छाटणीचे तुकडे टाकून देऊ नका. फूल न आलेला, हिरवा पण वाकवला तर कट्‌कन मोडणारा शेंडा घ्या, चार-पाच इंच लांब, दोन-तीन पेऱ्यांचा. काप पेऱ्याच्या लगेच खाली, कारण मुळे तिथूनच फुटतात. खालची पाने काढा, वरची दोन आडवी अर्धी कापा, टोक रूटिंग पावडरमध्ये (मुळे फुटायला मदत करणाऱ्या भुकटीत) बुडवा. निम्मे धुतलेले कोकोपीट आणि निम्मी वाळू भरलेल्या छोट्या पिशवीत एक पेरा आत जाईल असे खोचा. वर पारदर्शक बाटलीचा अर्धा भाग पालथा घाला, झाकण काढून. जागा सावलीची, उजेडाची. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढा. सुटून न येता धरून राहिली, तर खाली मुळे आहेत. बाटली एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उघडी ठेवा, मग चार इंची कुंडीत हलवा.

असा शेंडा खोचायचा नसेल तर बाहेरची खालची फांदी वाकवून पेऱ्यापाशी साल थोडी खरवडा, शेजारच्या कुंडीच्या मातीत दोन इंच दाबून वर वीट ठेवा. पावसाळाभर ओल राहिली की दोन महिन्यांत ती मुळे धरते. अशा दाब कलमाचे रोप खोचलेल्या कलमापेक्षा एक हंगाम आधी फुलते. नवरात्रीनंतर ते आईझाडापासून कापून वेगळे करा आणि पहिली थंडी त्याला उघड्यावरच काढू द्या.